३२० की लॉसलेस? रोज गाणी ऐकणाऱ्याला ऑडिओ क्वालिटीचा खरंच फरक पडतो का: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑफिसात, सोसायटीच्या ग्रुपवर, भाचे-पुतण्यांकडून फिरून फिरून तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. मी काही विकत नाही आणि साऊंड इंजिनिअर पण नाही, पण ह्या भानगडीत बरीच वर्षं घातलीयेत.

आधी सरळ सांगा, फरक पडतो की नाही?

पडतो, पण जाहिरातवाले सांगतात तिथे नाही. ६४ केबीपीएसची फाइल आणि २५६ ची फाइल शेजारी शेजारी लावा, आजीला पण कळेल, ती बिटरेट म्हणणार नाही, "हे काय घशात अडकल्यासारखं वाजतंय" म्हणेल. पण २५६ आणि लॉसलेस (काहीच न फेकता साठवलेली फाइल) यातला फरक बहुतेक लोकांना बहुतेक गाण्यांत कळत नाही, आणि ज्यांना कळतो त्यांना पण शांत खोलीत, लक्ष देऊन, ठरावीक गाण्याच्या ठरावीक तुकड्यात कळतो. वाईट आवाज लगेच ओळखू येतो, चांगला आणि अतिचांगला यातला फरक शोधावा लागतो. आणि गंमत म्हणजे रोजच्या ऐकण्यात जे खरोखर वाईट वाजतं त्यात फाइलचा दोष क्वचितच असतो, बाकीच्या गोष्टी आधी मार खातात, त्या खाली येतीलच.

हे केबीपीएस म्हणजे नेमकं काय?

सेकंदाला किती हजार बिट खर्च केले ते, यालाच बिटरेट म्हणतात. सीडीवर आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेला असतो, दर मोजणीला १६ बिट, डावा-उजवा असे दोन चॅनल, गुणाकार करा, १४११ केबीपीएस येतात. ३२० ची एमपी३ म्हणजे त्याच्या पाव हिश्शापेक्षाही कमी आणि १२८ ची तर अकराव्या हिश्शाएवढी, तरी गाणं गाण्यासारखं वाजतं कारण कानाला तसंही ऐकू येणार नव्हतं ते आधी काढून टाकलेलं असतं. किचनमध्ये मिक्सर चालू असला की हॉलमधला फोन वाजलेला कळत नाही ना, तेच. मोठा आवाज त्याच्या आसपासच्या बारीक आवाजाला झाकतो, मग झाकलेल्यावर बिट कशाला घालवा. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेतल्या लोकांनी हे डोकं लढवलं आणि १९९५ मध्ये त्या फाइलला एमपी३ हे एक्स्टेन्शन मिळालं.

लॉसलेसमध्ये (फ्लॅक, अ‍ॅपलचं अलॅक वगैरे) काहीच फेकत नाहीत, नुसतं घडी घालून ठेवतात, उघडल्यावर बिट न बिट परत मिळतो.

कमी बिटरेटला नक्की काय बिघडतं? मला तर कळतच नाही.

तुम्ही कशात ऐकताय त्यावर आहे. टाळ, झांजा, चिपळ्या, प्रेक्षकांच्या टाळ्या, ह्यात ऐका. अभंगाच्या शेवटी लय चढते, गजर सुरू होतो, दहा-बारा टाळ एकदम वाजायला लागतात, चांगल्या फाइलमध्ये तो आवाज किणकिणता, धारदार असतो, प्रत्येक टाळ वेगळा पडलेला कळतो, आणि ६४ ला त्याचा नुसता श्श्श्श असा पाण्यात बुडवल्यासारखा लगदा होतो. कारण असा आवाज म्हणजे खूप वरच्या पट्टीतल्या खूप साऱ्या कंपनांची गर्दी, तिथे झाकलं जाण्यासारखं फार काही नसतं आणि बिट मात्र संपलेले असतात.

दुसरी खोड म्हणजे ठोक्याच्या आधी उमटणारी सावली. एमपी३ आवाजाचे छोटे छोटे तुकडे करून काम करते, तुकड्याच्या मध्येच चिपळीचा कडक ठोका आला तर त्या ठोक्याची घाण आख्ख्या तुकड्यावर पसरते, म्हणजे ठोक्याच्या आधीच हलकंसं फस्स ऐकू येतं. युरोपातले इंजिनिअर हे तपासायला कॅस्टनेट्सचं रेकॉर्डिंग वापरतात, आपल्याकडे चिपळ्या आहेतच, वेगळं काही आणायला नको.

एकट्या गळ्याचं गाणं सोपं वाटतं पण तसं नाही हां. एमपी३ वर काम करणाऱ्या कार्लहाइन्झ ब्रँडनबुर्ग यांना सुरुवातीला सगळ्यात जास्त छळलं ते अमेरिकन गायिका सुझान व्हेगाच्या, मागे एकही वाद्य नसलेल्या गाण्यानं. वाद्यंच नाहीत म्हणजे लपायला जागा नाही.

आणि नुसता आकडा बघून काही ठरवू नका. १९९९ सालच्या सॉफ्टवेअरनं केलेली १२८ ची एमपी३ आणि आजच्या चांगल्या एन्कोडरनं (आवाज दाबून फाइल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरनं) केलेली १२८ ची यात बरंच अंतर आहे, आणि एएसी किंवा ओपस (एमपी३ नंतर आलेले फॉरमॅट) असेल तर त्याच आकड्यात अजून बरं वाजतं.

मोबाइलच्या दुकानात कार्ड भरून आणायचो तेव्हा तर सगळं मस्त वाजायचं?

वाजायचं कारण फोनचा स्पीकर नखाएवढा होता. २ जीबीच्या कार्डात जास्तीत जास्त गाणी कोंबायची म्हणून फाइली बारीक केलेल्या असायच्या, त्याही कुठल्यातरी एसटी स्टँडवरच्या "१५० सुपरहिट" सीडीवरून, ती सीडी कशावरून केली देव जाणे. आज तीच फाइल चांगल्या हेडफोनवर लावा, दोन मिनिटांत काढून ठेवाल.

कन्व्हर्टर साइटवरून व्हिडिओचं गाणं ३२० मध्ये डाउनलोड केलं, ते चांगलं ना?

नाही हो. यूट्यूबवर आवाज साधारण १२८ ते १६० केबीपीएसच्या आसपास असतो (एएसी नाहीतर ओपस). ती साइट तोच आवाज घेऊन ३२० च्या डब्यात भरते, फाइल दुप्पट मोठी होते आणि आवाज उलट थोडा बिघडतो, कारण एकदा दाबलेलं परत दाबलं. एकदा फेकलेलं परत येत नाही. ३२० लिहिलेलं आहे एवढ्यावर विश्वास ठेवू नका, फाइल मुळात कशापासून बनवली ते महत्त्वाचं.

मी लॉसलेसचे पैसे भरतो आणि ब्लूटूथ इअरबड वापरतो. बरोबर चाललंय ना?

तुमचे पैसे आहेत, पण लॉसलेस तुमच्या कानापर्यंत पोचत नाहीये. फोन ती फाइल उघडतो आणि ब्लूटूथमधून पाठवायला परत दाबतो. सगळ्यात साधा एसबीसी कोडेक (आवाज दाबायची पद्धत) जास्तीत जास्त साधारण ३२८ केबीपीएसला चालतो, एएसी अडीचशेच्या आसपास, आणि सोनीचा एलडॅक ९९० पर्यंत जातो पण गर्दीत सिग्नल तुटायला लागला की फोन गुपचूप ६६० नाहीतर ३३० वर उतरतो. सीडीचे १४११ आठवा. अ‍ॅपलनं २०२१ मध्ये लॉसलेस सुरू केलं तेव्हा त्यांनीच लिहून ठेवलंय की ब्लूटूथवर ते चालत नाही, आणि वर हेही की एएसी आणि लॉसलेस यातला फरक जवळजवळ ओळखू येत नाही. विकणाराच म्हणतोय! स्पॉटिफायनं पण २०२५ मध्ये आणलं, कारण बाकीच्यांकडे होतं.

लॉसलेस ऐकायचंच असेल तर वायर लावा. फोनला जॅक नसेल तर टाइप-सीचं छोटं डोंगल मिळतं, रोजच्या हेडफोनला तेवढं पुरतं.

लॅपटॉपला इअरबड जोडून गाणं ऐकत असतो, मीटिंग सुरू झाली की गाणं एकदम डब्यात गेल्यासारखं होतं. बड खराब आहेत का?

बड ठीक आहेत. माइक चालू झाला की ब्लूटूथ गाण्याच्या मोडमधून फोनकॉलच्या मोडमध्ये जातं, त्यात स्टिरिओचा मोनो होतो आणि वरचे सगळे सूर कापले जातात. मीटिंगच्या सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचाच निवडा, कानात बड राहू देत, झालं. ऑफिसात हे एवढं सांगितलं म्हणून मला चहा मिळालेला आहे.

मग पैसे कशावर घालू?

आधी फुकटातलं करा. इअरबडच्या पाकिटात रबराच्या तीन साइज येतात, किती जणांनी बदलून बघितल्यात? कानात नीट बसला नाही की खालचा आवाज, तबल्याचा बाया, ढोलकीचा घुमारा, बेस गिटार, सगळं फटीतून निघून जातं, आणि मग माणूस म्हणतो हे बड पातळ वाजतात, इक्वलायझरवर बेस वाढवतो, तो फाटतो, मग नवीन बड घेतो. दोन्ही कानांची साइज वेगळी असू शकते, लाज वाटायचं कारण नाही. आणि जाळीवरचा मळ पुसा. खरंच पुसा. एक बाजू हळू वाजते म्हणून आलेले बड निम्म्या वेळा ब्रशनंच बरे होतात.

घरात स्पीकर असेल तर तो कपाटाच्या वर, भिंतीच्या कोपऱ्यात, फुलदाणीच्या मागे ठेवू नका. कोपऱ्यात बेस फुगतो, आणि नुसत्या टाइल्स आणि काचा असलेल्या हॉलमध्ये शब्द घुमतात. पडदे, सोफा, पुस्तकांचं कपाट ह्यांनी जेवढा फरक पडतो तेवढा १२८ चं ३२० करूनही कधीकधी पडत नाही.

ह्या सगळ्यानंतर पैसे उरले तर हेडफोन किंवा स्पीकर बदला, कारण साखळीत सगळ्यात जास्त फरक तिथे असतो. महागड्या केबलवर एक रुपया घालू नका.

लोकलमध्ये, एसटीत क्वालिटी वाढवून ठेवू का?

कशाला? फास्ट लोकलच्या दारात उभं राहून ३२० आणि लॉसलेस यातला फरक कळतो म्हणणाऱ्याला मी हात जोडतो. तिथे खरा प्रश्न वेगळाच आहे, बाहेरचा गोंगाट झाकायला आपण आवाज वाढवत जातो. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असा आहे की ८० डेसिबल असेल तर आठवड्याला ४० तासांपर्यंत चालेल, आणि दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा होतो, म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १०, असं भराभर खाली येतं. नॉइज कॅन्सलेशनचे किंवा नुसते कानात घट्ट बसणारे बड घेतले की आवाज कमी ठेवून पण सगळं ऐकू येतं, प्रवासात क्वालिटी सुधारण्याचा हाच खरा रस्ता.

शिवाय वर्षातून दहा दिवस मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंतीसमोर नाचायचं आणि उरलेलं वर्ष २४ बिटवर चर्चा करायची, हे जरा अतीच होतं. कानाच्या आतल्या बारीक केसपेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत.

दुकानात दोन स्पीकर ऐकवले, महागडा खरंच भारी वाटला.

तो थोडा मोठ्यानं वाजत होता का? एखादा डेसिबल जरी जास्त असला तरी आपल्याला "मोठा" वाटत नाही, "चांगला" वाटतो, जास्त भरीव, जास्त स्पष्ट. अ‍ॅपमध्ये पण हेच होतं, एका अ‍ॅपवर गाणं भारी वाटतं आणि दुसऱ्यावर बसकं, बऱ्याचदा फरक फक्त व्हॉल्यूमचा असतो. सेटिंगमध्ये आवाज समान करायचा पर्याय असतो (नॉर्मलायझेशन), तो चालू केला की एक गाणं हळू आणि पुढचं कानफाट हा त्रासही जातो.

कुणी नीट अभ्यास केलाय का ह्याचा, की सगळे आपापलं सांगतात?

केलाय. ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरान यांनी २००७ मध्ये अमेरिकेत हाय-रेझोल्यूशन (सीडीपेक्षा बारीक मोजलेल्या) डिस्कचा आवाज आणि तोच आवाज सीडीच्या दर्जावर उतरवून लोकांना न सांगता ऐकवला, ५५४ पैकी २७६ उत्तरं बरोबर आली, म्हणजे नाणं उडवलं असतं तरी तेवढीच आली असती. मग २०१६ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या जोशुआ रीस यांनी १८ अभ्यासांचे आकडे एकत्र करून बघितले तर बरोबर उत्तरं निघाली ५२.३ टक्के, आणि आधी कानाला सराव दिलेल्या लोकांचं प्रमाण त्याहून बरं होतं. म्हणजे अगदीच शून्य नाही, पण स्वयंपाक करताना गाणी ऐकणाऱ्याच्या आयुष्यात ह्या सव्वादोन टक्क्यांनी काय होणार ते तुम्हीच ठरवा.

मला फरक कळतो, मी सांगतोय ना!

असेल की. तपासून बघा. एक लॉसलेस फाइल घ्या, तिच्यापासूनच एमपी३ बनवा (दोन वेगळ्या ठिकाणांहून घेतली तर मूळ मास्टरच, म्हणजे ज्यावरून प्रती काढतात ते शेवटचं रेकॉर्डिंगच, वेगळा असू शकतो), आवाजाची पातळी सारखी करा आणि घरातल्या कुणालातरी न दाखवता लावायला सांगा. कॉम्प्युटर असेल तर फूबार२००० या गाणी वाजवायच्या सॉफ्टवेअरमध्ये हे काम करणारं एबीएक्स नावाचं फुकट जोड-सॉफ्टवेअर मिळतं. १० वेळा ऐका. ५ बरोबर आले तर तो अंदाज, ९ किंवा १० आले तर नुसत्या नशिबानं तसं होण्याची शक्यता साधारण १ टक्का, म्हणजे तुमचे कान खरंच तिखट आहेत, खुशाल लॉसलेस घ्या. बहुतेक लोक तिसऱ्या-चौथ्या फेरीतच वैतागून विचारतात, "दोन्ही एकच लावतोयस ना तू?"

२४ बिट, १९२ किलोहर्ट्झ हाय-रेसचं काय?

माणसाला जास्तीत जास्त २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं आणि ते पण लहानपणी, वय वाढेल तसं वरचं गळत जातं. सीडीचे ४४.१ किलोहर्ट्झ (वर सांगितलेल्या सेकंदाला ४४,१०० मोजण्या) त्या २० ला पुरून उरतात. रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग करताना २४ बिटचा खरा उपयोग आहे, चुका सावरायला जागा राहते. ऐकणाऱ्याला १६ पुरतात. जुन्या काळच्या गाण्यावर हाय-रेसची पट्टी लावलेली असते तेव्हा तर त्या मोठ्या फाइलमध्ये टेपची सरसर जास्त बारकाईनं साठवलेली असते, एवढंच.

मग जुनी मराठी गाणी अ‍ॅपवर एवढी खराब का वाजतात? बिटरेट तर फुल ठेवलाय.

हा सगळ्यात चांगला प्रश्न आहे आणि ह्याचं उत्तर बिटरेटमध्ये नाहीच.

पहिलं म्हणजे मूळ रेकॉर्डिंग. ७८ आरपीएमच्या तबकडीवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावायची, म्हणून नाट्यपदं, रागदारी सगळं तेवढ्यात आटोपलेलं असतं, आणि १९२० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तर माइकच नव्हता, गायक कर्ण्यासमोर तोंड घालून जोरात गायचा. त्यात वरचे सूर नाहीतच, कुठून येणार. नंतर आपल्या आजोबांच्या पिढीनं तीच पदं रेडिओवर ऐकली, आणि मीडियम वेव्हवर एका स्टेशनच्या वाट्याला येणारी जागाच एवढी अरुंद की साडेचार किलोहर्ट्झच्या वरचं जवळपास काहीच पोचत नाही. त्यावर पण माणसं रडली, पदं पाठ केली.

दुसरं म्हणजे डिजिटल कुणी आणि कशावरून केलं. मूळ टेप हाताशी नसली की कॅसेटवरून, कधी घासलेल्या तबकडीवरून काम होतं, मग खरखर घालवायला सॉफ्टवेअर असं रगडतात की खरखरीबरोबर श्वास पण जातो, "स" आणि "श" मधला फरक जातो, तंबोऱ्याची जवारी जाते आणि गायक उशीत तोंड खुपसून गातोय असं वाटतं. मला विचाराल तर थोडी खरखर असलेली प्रत कधीही बरी. म्हणून एकाच गाण्याच्या चार-पाच नोंदी दिसतात त्या सगळ्या लावून बघा, मूळ अल्बमची नोंद आणि "सदाबहार हिट्स" प्रकारातली नोंद यात जमीन-अस्मानाचा फरक सापडतो, आणि तो कुणालाही कळतो, तिखट कान लागत नाहीत.

तिसरं, गाणं शिकणाऱ्यांचं दुखणं. जुन्या तबकड्या सगळ्या नेमक्या ७८ च्या वेगानं मुद्रित झालेल्या नव्हत्याच, वेग थोडा इकडेतिकडे असायचा, कॅसेटच्या मशीनचं पण तेच. वेग सहा टक्के चुकला की सूर जवळजवळ अर्ध्या स्वरानं सरकतो. त्याहून कमी चुकला तर पेटी घेऊन बसलात की गाणं काळी एकलाही बसत नाही आणि पांढरी दोनलाही नाही, मध्येच कुठेतरी लोंबकळतं. अशा वेळी स्वतःच्या गळ्याला दोष देऊ नका, वेग बदलता येणारं अ‍ॅप घ्या आणि पेटीला जुळेपर्यंत सरकवा. खरी पट्टी कोणती होती ते त्यानं कळत नाही, पण रियाज तरी होतो.

आणि मैफलींच्या खासगी रेकॉर्डिंगबद्दल बोलायलाच नको. पुण्या-मुंबईत वर्षानुवर्षं कॅसेटवरून कॅसेट, तिच्यावरून अजून एक, असं हातोहात फिरलेलं गाणं, मागे कुणी खोकतंय, कपबशी वाजतेय, माइकजवळच्या कुणाची तरी "वा!" गायकापेक्षा मोठी. ऐकणारे ते जीव टाकून ऐकतात, आणि त्यांना तुम्ही बिटरेट विचारायला गेलात तर पुढची कॅसेट मिळणार नाही.

एलपीचा आवाज सीडीपेक्षा "गरम" असतो म्हणतात?

वेगळा असतो, आणि बऱ्याचदा आवडतो. एलपीसाठी मास्टर वेगळा करावा लागतो, शिवाय थोडी विकृती कानाला गोड लागते. मोजमापात सीडी पुढे आहे. आवडत असेल तर ऐका ना, कुणाला हिशोब द्यायचाय.

डेटा किती जातो?

रोज एक तास धरलं तर १२८ ला महिन्याला पावणेदोन जीबीच्या आसपास, ३२० ला साधारण सव्वाचार जीबी, आणि सीडी दर्जाच्या लॉसलेसला गाण्यावर अवलंबून दहा-बारा जीबी. घरच्या वायफायवर डाउनलोड करून ठेवा आणि "ऑटो" बंद करा, कारण ऑटोवर नेटवर्क पडलं की क्वालिटी न सांगता तळाला जाते आणि तो फरक मात्र खरोखर ऐकू येतो.

बाबांच्या भजनी मंडळाच्या कॅसेट आहेत, त्या एमपी३ करू का?

इथे मात्र मी लॉसलेसचा हट्ट धरीन. ऐकायला एमपी३ चालेल, जपायला नाही, कारण उद्या खरखर काढायची, आवाज वाढवायचा, अजून कशात बदलायचं तर मूळ प्रत पूर्ण हवी. चांगला टेपरेकॉर्डर मिळवा, हेड स्पिरिट लावलेल्या कापसानं पुसा, सुरुवातीला एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवून घ्या म्हणजे वर्षानुवर्षं चिकटलेली टेप सुटते. आवाज बसका वाटला तर हेडशेजारचा बारीक स्क्रू अगदी हळू फिरवून बघा, टाळ जिथे सगळ्यात लख्ख ऐकू येतील तिथे थांबा, ह्या एका गोष्टीनं जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याच सॉफ्टवेअरनं पडत नाही. लाइन-आउटमधून कॉम्प्युटरला द्या, फोन स्पीकरसमोर धरू नका. ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे, २४ बिट ४८ किलोहर्ट्झला वेव्ह (न दाबलेली) फाइल करा, तासाला १ जीबीच्या आसपास होईल, मग फ्लॅक केली की बरीच कमी. दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायला वेगळी एमपी३ काढा. कव्हरवर पेनानं लिहिलेली नावं, गाव, तारीख असेल त्याचा फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये टाका, पखवाजाला कोण होतं ते काका-मामांना आत्ताच विचारून घ्या. आणि डिजिटल झालं म्हणून कॅसेट भंगारात देऊ नका.